पट्टीने ओढलेली शिरोरेषा : चौथीतल्या एका मुलाच्या लेखनाचं प्रकरण

प्रज्योत (नाव बदललेलं आहे) गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत चौथीत होता. त्याच्याविषयी माझ्याकडे आलेल्या चिठ्ठीत तीन तक्रारी होत्या : अक्षर लागत नाही, शुद्धलेखनाच्या चुकांना सुमार नाही, निबंध तीन ओळींपुढे सरकत नाही. खाली वर्गशिक्षकांचा शेरा होता, 'तोंडी हुशार. लिहायचा आळस.'

शिकताना अडणाऱ्या मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या माझ्यासारख्या रिसोर्स टीचरला अशा चिठ्ठ्या नव्या नाहीत. मुलाचं लिहिणं बिघडलं की अक्षर, शुद्धलेखन आणि निबंध या तिन्हींची एकच मोट बांधतात आणि तिच्यावर एकच औषध देतात : रोज एक पान उतरवून काढ. प्रज्योतला दोन पानं होती, एक शाळेचं आणि एक ट्यूशनचं. दुसरीपासून हे चाललं होतं आणि अक्षर होतं तिथंच होतं. त्याच्या वहीत एकाच लाल शाईखाली जमलेल्या चुका प्रत्यक्षात तीन वेगळ्या ठिकाणांहून येत होत्या. नुसती वही चाळून ते कळण्यासारखं नव्हतं.

घरची माहिती थोडक्यात. आई-बाबा, आजोबा आणि धाकटी बहीण. घरात सगळे कोकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी येतं, भजनं मराठीच म्हणतात. सत्तरीत हे घरोघरी आहे. आई शाळेत भेटायला आली तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसून एका दमात म्हणाली, "बाई, तोंडान सगळें सांगता, पूण बरोवपाक बसलो काय रडटा." (तोंडाने सगळं सांगतो, पण लिहायला बसला की रडतो.) डोळे आणि कान आरोग्य केंद्रात तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. वाचन अडखळत होतं, पण चौथीचा धडा तो वाचून अर्थ सांगायचा. वाचनाकडे आता सगळ्यांचं लक्ष असतं. केंद्र सरकारच्या २०२१ पासूनच्या 'निपुण भारत' मोहिमेमुळे तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द अर्थासह वाचावेत हे प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. लिहिण्याचा वेग मात्र कुणी घड्याळ लावून पाहत नाही. अक्षर सुंदर की गचाळ एवढंच पाहिलं जातं.

म्हणून मी घड्याळ लावलं. पुस्तकातला उतारा समोर ठेवून उतरवायला सांगितला तेव्हा मिनिटाला साधारण १४ अक्षरं झाली. त्याच वर्गातली बाकीची मुलं सहज दुप्पट लिहीत होती. मग पुस्तक मिटून तीच वाक्यं सांगितली, तर वेग ९-१० वर आला. 'क'पासून ओळीने अक्षरं लिही म्हटल्यावर 'छ', 'झ', 'थ', 'ढ' इथे तो थांबला, वर छताकडे पाहिलं, मग फळ्याच्या वर लावलेल्या तक्त्याकडे. बघून लिहिताना येणारं अक्षर न बघता हाताला सापडत नव्हतं. रोजच्या दोन पानांनी काहीच कसं घडलं नाही, याचं पहिलं उत्तर इथे मिळालं. उतरवताना तो अक्षर लिहीत नव्हता, त्याचं चित्र काढत होता : एक रेघ, मान वर, दुसरी रेघ, मान वर. असं पान भरतं, पण हाताला वळण लागत नाही.

पण खरी मेख दुसरीच होती.

मी त्याला म्हटलं, कालच्या दिवसाबद्दल दोन ओळी लिही. त्याने दप्तरातून पट्टी काढली. वहीच्या ओळीवर पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे, समासापर्यंत, सबंध एक रेघ ओढली. मग खाली दुसरी. दोन्ही शिरोरेषा तयार झाल्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकेक अक्षर खाली लटकवायला सुरुवात केली. "आधी रेघ का रे?" "मग सरळ येतं." पूर्वी कुणीतरी नीटनेटकेपणासाठी सांगितलेलं असावं, आणि तो इमानाने पाळत होता.

या एका सवयीने काय काय होत होतं ते पाहा. रेघ सलग असल्यामुळे दोन शब्दांत जागा राहत नव्हती. 'मीआनीभावनदीवरगेलो' असं एकसंध पान. आणि त्याहून मोठी गोष्ट : देवनागरीत 'थ', 'ध' आणि 'भ' ही अक्षरं 'य', 'घ' आणि 'म' यांच्यापासून वेगळी ओळखू येतात त्यात शिरोरेषेचा मोठा वाटा आहे. 'ध'च्या डोक्यावर रेघ अर्धीच असते, 'घ'च्या पूर्ण. 'भ' आणि 'म'चंही तसंच. आधीच पूर्ण रेघ ओढून ठेवली की 'धान'चं 'घान' होतं, 'भात'चा 'मात' आणि 'थोडा'चा 'योडा'. गाठ नीट काढली तर फरक राहतो, पण वेळ वाचवायला तो गाठ गिळून टाकायचा. वहीत या सगळ्यांखाली लाल रेघा होत्या, 'शुद्धलेखन सुधार' म्हणून. मी त्यालाच ते वाचायला लावलं. 'मात' लिहिलेलं होतं, त्याने न अडखळता 'भात' वाचलं. म्हणजे मुलाला शब्दही माहीत होता आणि अक्षरही. चूक पट्टीची होती.

गंमत अशी की आपल्याकडे असं लिहिण्याची जुनी परंपरा आहे. मोडी लिपीत आधी पानभर रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं लटकवत. शब्दही तोडत नसत. पणजीच्या पुराभिलेखागारात मोडीची दप्तरंच्या दप्तरं आहेत. पण मोडी लिहिणारा कारकून आयुष्यभर तेच करायचा आणि वाचणाराही तसाच तरबेज असायचा. प्रज्योतची वही तपासायची होती सरांना, तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळून.

पहिला बदल हाच केला, आणि तो सगळ्यात स्वस्त ठरला : पट्टी घरी ठेवायची. शब्द लिहून झाला की मग त्या शब्दापुरती शिरोरेषा द्यायची, एका झटक्यात. 'थ-ध-भ' आलं की रेघ तिथे तोडायची. पुढच्या शब्दाआधी डाव्या हाताचं एक बोट टेकवून जागा सोडायची. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीपूर्वीच पानाचं रूप पालटलं. अक्षर सुंदर झालं नाही. वाचता येऊ लागलं, आणि माझ्या दृष्टीने अक्षराकडून मागायचं ते एवढंच. 'मोत्यासारखं अक्षर' या आपल्या वेडापायी आपण किती मुलांना लिहिण्यातून उठवलं असेल कोण जाणे.

दुसरं काम हाताला अक्षरं सापडण्याचं. यात नवं काही नाही, फक्त उतरवून काढण्याच्या उलट आहे. आकाराने एका घरातली अक्षरं एकत्र घेतली : ग, म, भ, न यांचं एक घर, व, ब, क दुसरं, त, ल तिसरं, ट, ठ, ढ, द आणखी एक. शिकवताना रेघ कुठून सुरू होते, कुठे वळते ते तोंडाने म्हणायचं, एकदा बघून काढायचं, मग अक्षर हाताने झाकून आठवून काढायचं. झाकून काढलेल्या तीन-चारांतलं सगळ्यात बरं कोणतं, त्याला त्याने स्वतःच गोल करायचा. रोज दहा मिनिटं, त्याच्यावर नाही. हात दुखेपर्यंत गिरवून घेतलं की शेवटच्या ओळीतलं अक्षर पहिल्या ओळीपेक्षा वाईट येतं आणि मूल नेमकं तेच वळण शिकतं. शेवटी एका मिनिटात त्या घरातली अक्षरं मिसळून सांगायची आणि किती झाली ते वहीच्या मागच्या पानावर मांडायचं. त्याला या आकड्याचा नाद लागला. मी नसले तरी तो सरांना घड्याळ धरायला सांगायचा.

अक्षराच्या सरावाचा लेखनाशी काय संबंध, असं सरांनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहॅम, करेन हॅरिस आणि बार्बरा फिंक यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हात मंद असलेल्या पहिलीच्या मुलांना फक्त अक्षरवळणाचा थोडा जादा सराव दिला तर त्यांचं वाक्य करणं आणि मजकूर लिहिणंही सुधारलं. कारण सरळ आहे. 'ढ' कसा काढायचा हेच आठवण्यात डोकं गुंतलं तर वाक्याचा शेवट काय ठरवला होता ते निसटून जातं. प्रज्योतचं अगदी हेच होत होतं, वाक्याच्या मध्यावर तो थांबून विचारायचा, "टीचर, मी काय म्हणत होतो?"

पेन्सिल धरण्याची पद्धत, बाकाची उंची यांवर मी फार वेळ घालवला नाही. पाय लोंबकळत होते, खाली एक पाट ठेवला. आईने दुकानातून आणलेली पेन्सिलची रबरी पकड दोन दिवसांत हरवली आणि काही बिघडलं नाही. अंगठा आणि दोन बोटांऐवजी तो अंगठा आणि तीन बोटांनी धरायचा. त्यानेही वेग कमी होत नाही, मुद्दाम बदलायला गेलं तर मात्र होतो.

आता शुद्धलेखन. हा भाग सगळ्यात गुंतागुंतीचा, आणि गोव्यातल्या मराठी शाळांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पट्टीच्या चुका बाजूला काढल्यावर जे उरलं त्याची मी एका कागदावर विभागणी केली. एका बाजूला आले असे शब्द : पावस, भाव, भयण, पांच, दांत, आनी, दूद, वाग, गाडव. दुसऱ्या बाजूला : सुर्य, फुल, पाणि, कीती, प्राथना, म्हनून, शाळत. पहिल्या बाजूकडे जरा नीट पाहिलं की ध्यानात येतं, यातला एकही शब्द चुकलेला नाही. तो कोकणी आहे. घरी जसं ऐकलं तसं, अनुस्वारासकट, त्याने बिनचूक लिहिलं होतं. कोकणीत शब्दाच्या मध्ये आणि शेवटी येणारा महाप्राण, म्हणजे 'ध', 'घ' यांतला 'ह'चा श्वास, गळतो, म्हणून 'दूद' आणि 'वाग'. सुरुवातीचा मात्र टिकतो. म्हणूनच त्याने 'खेळ'चा 'केळ' कधी केला नव्हता. ही खूण मला फार उपयोगी पडली. शब्दाच्या सुरुवातीलाही ख-क, घ-ग यांची गल्लत होत असती तर ध्वनी वेगळे ओळखण्यात अडचण आहे का, हे तपासावं लागलं असतं. इथे कान शाबूत होता, तो फक्त घरची भाषा ऐकत होता.

अशा शब्दाखाली लाल रेघ मारली की मुलाला काय कळतं? आपण बोलतो तेच चूक. आणि मग तो लिहायचंच टाळतो. म्हणून दुरेघी वहीचं एक पान मधोमध दुमडून 'घरचं' आणि 'वहीतलं' असे दोन रकाने केले. एकीकडे पावस, दुसरीकडे पाऊस. भाव आणि भाऊ. दूद आणि दूध. सरांनी ही कल्पना उचलून वर्गभर केली, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा चांगली केली. त्यांनी गाड्यावरून जुने अंक आणले, एका गटाला कोकणी 'भांगरभूंय' दिला, दुसऱ्याला मराठी 'गोमन्तक', आणि दोन्हींतून एकाच वस्तूची नावं शोधून कातरायला लावली. 'पावस' हा शब्द छापलेला सापडला तेव्हा प्रज्योत उठून उभा राहिला. "सर, पेपरातबी म्हज्याभाशेन बरयलां!" (पेपरातही माझ्यासारखंच लिहिलंय!) कुठली भाषा कुठल्या वहीत, हा प्रश्न आहे, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. रकान्यातले शब्द दोन-तीन महिन्यांत जवळजवळ सगळे सुटले. 'आनी' तेवढा चिवट निघाला, मोठी माणसंही लिहितात.

दुसऱ्या बाजूच्या चुका खऱ्या होत्या, पण त्याही सारख्या वजनाच्या नाहीत. मात्रा खाल्ली, 'शाळेत'चं 'शाळत' झालं, तर शब्द मोडतो. जोडाक्षरात अर्धं अक्षर गळलं, 'प्रार्थना'ची 'प्राथना' झाली, तरी तेच. पण 'पाणी' ऱ्हस्व काढलं तर वाचणाऱ्याचं काय अडतं? मराठी बोलताना आपण इ-ई, उ-ऊ यांतला फरक धड करत नाही, त्यामुळे तो कानाने शिकता येत नाही, नियमानेच शिकावा लागतो. म्हणून क्रम लावला : आधी गळलेली अक्षरं आणि मात्रा, मग जोडाक्षरं आणि रफार, ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. सरांना विनंती केली की या मुलाच्या वहीत एका वेळी एकाच जातीची चूक दाखवा, बाकीच्यांकडे काणाडोळा करा. त्यांना ते जड गेलं. चुकीचा शब्द दिसूनही पुढे जायचं म्हणजे तपासणाऱ्याचा हात थरथरतो. पण त्यांनी केलं.

गळणाऱ्या मात्रांसाठी बोलून टाळ्या. 'शा-ळे-त', तीन टाळ्या, तीन घरं कागदावर आखलेली, प्रत्येक घरात एक अक्षर मात्रेसकट. लिहून झालं की बोट ठेवून परत म्हणायचं. रफाराला वेगळा धडा लागला, कारण तो ऐकू आधी येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'सूर्य' हळू म्हणायला लावला : सूर्... य. 'र्' कुठे ऐकू आला? 'य'च्या आधी. मग तो उडी मारून 'य'वर जाऊन बसतो. या उडीचं त्याला हसू यायचं. 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी मुद्दाम फळ्यावर घेतली. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा एका फटकाऱ्याने कशा वेगळ्या होतात ते चौथीच्या मुलांना आवडतं.

नेहमी लागणाऱ्या शब्दांची एक छोटी यादी केली : आणि, आहे, नाही, म्हणून, होता, माझा, कुठे, पाहिजे, सांगितलं, म्हणाला. मुलाच्या कुठल्याही पानावर हेच शब्द पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे एवढे पक्के झाले की पान निम्मं शुद्ध होतं. रीत तीच, पाहा, झाका, लिहा, पडताळा. रोज तीन-चार शब्द, त्यांत कालचा एखादा जुना. पडताळायचं त्यानेच, अक्षरावर अक्षर ठेवून. चुकलं तर सबंध शब्द एकदाच नव्याने. दहा वेळा लिहिण्याची शिक्षा बंद.

ऱ्हस्व-दीर्घाला आम्ही दिवाळीनंतर हात घातला आणि तोही दोनच नियमांपुरता. मराठी लेखनाचे मान्य नियम १८ आहेत, १९६२चे १४ आणि १९७२ साली जोडलेले चार. चौथीच्या मुलाला त्यांतले दोन आले तरी घरदार चालतं. एक, शब्दाच्या शेवटी आलेली इ आणि उ दीर्घ : पाणी, नदी, किती, लाडू. 'आणि', 'नि' यांसारखे थोडे अपवाद. दुसरा, फूल पण फुलाला. मूल पण मुलाला. पीठ पण पिठाचा. शब्द पुढे वाढला की आधीचा दीर्घ आखडतो. हा दुसरा नियम सांगण्याऐवजी मी शब्दांच्या चिठ्ठ्या दिल्या आणि जोड्या लावायला सांगितलं. काय बदलतंय ते मुलांनीच सांगितलं. 'पूजा', 'परीक्षा' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या वर्षी नकोत असं ठरवून टाकलं.

राहिला निबंध. 'माझा आवडता सण' या विषयावर त्याची पहिली वही अशी : 'गणेश चतुर्थी हा माझा आवडता सण आहे. तो भाद्रपद महिन्यात येतो. मला हा सण खूप आवडतो.' तीन वाक्यं, तिन्ही गाइडमधली. चवथ झाल्यावर मी त्याला म्हटलं, लिहू नको, मला तुमच्या माटोळीचं, गणपतीच्या वर बांधता त्या फळाफुलांच्या चौकटीचं, सांग. तो सुटला. आजोबांबरोबर रानात जाऊन कांगलां कुठे मिळतात, कवंडळ कसं तोडायचं, आंबाडे आणि तोरिंग कुणाच्या बागेतलं, नारळाची पेंड (घड) मधोमधच का बांधायची, आणि हे सगळं केवणीच्या सालीने का बांधतात, सुतळीने का नाही. हे मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी तेच त्याला एकेक वाक्य ऐकवलं, थांबवलं, आणि त्याचंच वाक्य त्याने लिहिलं. काय लिहायचं हा प्रश्नच उरला नाही, हात आणि शुद्धलेखन एवढंच काम. पहिल्या दिवशी चार वाक्यं झाली, पुढे माटोळीचं पान भरलं :

'कांगलां आनी कवंडळ आजोबा राणातून आणतात. मी केवण सोलतो. केवण भिजत घालायची मग ती तुटत नाही. सुतळी कुजते.'

त्या पानावर मी चूक काढली नाही. खाली फक्त एक प्रश्न लिहिला, 'केवण सोलायला चाकू लागतो का?' त्याने उत्तरादाखल आणखी पाच ओळी लिहिल्या, न सांगता. शेवटचं 'सुतळी कुजते' हे वाक्य मला अजून आवडतं. गाइडमध्ये असं वाक्य सापडणार नाही.

रेकॉर्डिंग कायम वापरायचं नव्हतं. हळूहळू ते सोडून तोंडी सांगणं, मग लगेच तीन मिनिटं न थांबता लिहिणं, असं केलं. खोडरबर टेबलावर माझ्याकडे. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे. शब्द मोजायचे आणि तेही मागच्या पानावर मांडायचे. वाक्यं सगळी आखूड येत होती, म्हणून आठवड्यातून एकदा दोन वाक्यं जोडण्याचा खेळ : 'पाऊस पडला. म्हादई भरली.' याचं एक वाक्य कर. पाऊस पडल्यामुळे, पाऊस पडला आणि, पाऊस पडला तेव्हा, पाऊस पडला म्हणून. वर्गातल्या मुलांनी इतक्या तऱ्हा काढल्या की व्याकरणाचा तास वेगळा घ्यायची गरज सरांना वाटली नाही.

घराचं सांगायला हवं, कारण तिथे अडकायची पाळी आली होती. ट्यूशनचं रोजचं पान बंद करा, म्हटल्यावर आई गप्प झाली. तिला ते अभ्यास कमी केल्यासारखं वाटलं, आणि शेजारच्या मुलाला तर दोन पानं होती. मी तिला घड्याळ दिलं आणि मुलाला मिनिटभर उतरवायला, मिनिटभर सांगून लिहायला बसवलं. फरक तिने स्वतः मोजला. त्यानंतर घरी एकच काम राहिलं : रात्री जेवणाआधी दिवसभरातली एक गोष्ट आजोबांना सांगायची आणि तीच पाच ओळींत लिहायची. आजोबांना वाचून दाखवायची. तपासायची कुणी नाही.

जानेवारीच्या सुमाराला सांगून लिहिण्याचा वेग मिनिटाला २२-२३ अक्षरांवर आला, बघून लिहिण्याचा २६ च्या आसपास. वर्गाच्या मानाने अजून मागेच, पण परीक्षेचा पेपर वेळेत पुरा होण्याइतका. तीन मिनिटांत आधी सहा-सात शब्द पडायचे, आता वीसच्या वर. अडचण उरली ती फळ्यावरून उतरवण्याची. मान वर-खाली करताना तो अजूनही जागा हरवतो. आणि 'झ' व 'ढ' सांगून लिहिताना अजून क्षणभर अडतात.

या शेवटच्या दोन गोष्टींमुळे मी आईबाबांपुढे एक शक्यता मोकळेपणाने ठेवली. शिकवण्याची पद्धत बदलल्यावर मूल एवढं पुढे सरकलं, त्यामुळे हे सगळं अध्ययन अक्षमतेचं आहे असं मी म्हणणार नाही. पण थोडी तशी अडचण तळाशी असू शकते, आणि ती आहे की नाही हे माझ्यासारखीने ठरवायचं नसतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली, डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) ओळखण्याची 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, त्यामुळे मराठीत शिकणाऱ्या मुलाला इंग्रजी चाचणीवर तोलायची वेळ येऊ नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि पुढे तसं प्रमाणपत्र निघालं तर दहावीला गोवा बोर्डाकडून जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. बाबा म्हणाले, "आतां नाका, पांचवेंत पळोवया." (आता नको, पाचवीत बघू.) त्यांचा निर्णय मला पटला. पाचवीच्या पहिल्या सत्रात वेग याच जागी अडकला तर तपासणी करायची, असं ठरवून तारीखही लिहून ठेवली.

पाचवी हा गोव्यात वेगळाच घाट आहे. मराठी किंवा कोकणी माध्यमातून चौथी झालेली बहुतेक मुलं हायस्कुलात गेली की गणितापासून इतिहासापर्यंत सगळं इंग्रजीतून सुरू होतं. देवनागरीत नुकताच सुटलेला हात रोमन लिपीत पुन्हा बांधला जाणार, आणि इंग्रजी स्पेलिंग तर टाळ्यांनी सुटत नाही. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही नवीन काही न करता तीच रीत तिकडे वळवली : चौरेघी वहीत लहान लिपीची अक्षरं आकाराच्या घरांनी, 'बी' आणि 'डी' वेगवेगळ्या दिवशी, नेहमीच्या शब्दांची छोटी यादी पाहून-झाकून.

हायस्कुलासाठी एक पानाचं पत्र दिलं. त्यात त्याचे आकडे आहेत, माटोळीच्या लेखाची झेरॉक्स आहे, आणि चार विनंत्या. पहिलं वर्ष तरी जोडलेली इंग्रजी अक्षरं सक्तीची करू नयेत, सुटी चालवून घ्यावीत. फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत द्यावी किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवू द्यावं. विज्ञान-इतिहासाच्या उत्तरांत स्पेलिंगचे गुण कापू नयेत. आणि त्याला पानभर उतरवून काढायला देऊ नये. पहिल्या तीन विनंत्या मान्य झाल्याचं आईने फोनवर कळवलं. चौथ्या विनंतीचं अजून नक्की नाही. इंग्रजीच्या टीचरनी सुट्टीत रोज एक पान कर्सिव्ह लिहायला सांगितलं आहे, आणि त्याबद्दल बोलायला मला पुढच्या आठवड्यात तिकडे जायचं आहे.